एका फडाचं वर्ष

“कागद जरा बाजूला ठेवा ताई, आणि इकडं पाण्याकडं बघा,” सुपडू आप्पा म्हणाले.

मी बघितलं. जुन्या दगडी बंधाऱ्याला टेकून हिरवट पाणी निवांत पडलं होतं. जानेवारी संपत आला होता, ऊन कोवळं होतं, आणि बंधाऱ्यावर आम्ही दोघंच होतो.

“काय दिसतं?”

“पाणी.”

“किती?”

“कमी आहे.”

“कमी म्हणजे किती?”

आता आली पंचाईत. आप्पा हसले, धोतराचा सोगा खोचून खाली वाकले आणि बंधाऱ्याच्या आतल्या अंगाला असलेल्या पायऱ्यांवर फावड्याचा दांडा टेकवत गेले. “एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पायऱ्या उघड्या पडल्या. या दिवसांत दोन उघड्या असतात. म्हणून औंदा एकच फड.”

मी तक्त्यात लिहिलं, ‘पाणीसाठा अपुरा.’ एवढं लिहून माझं समाधान झालं. त्या काळात माझं समाधान फार लवकर व्हायचं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. धामणवेल हे साक्रीच्या बाजूचं, नदीकाठचं लहानसं गाव. मी पुण्याहून तिथे गेले होते ती एका समितीच्या वतीनं. जुनी देवळं आणि किल्ले यांच्या याद्या पुष्कळ झाल्या, आता जुनी शेतं, पाट, कुरणं, गावाच्या आसपासची माणसानं घडवलेली जमीन, हेसुद्धा वारसा म्हणून जपावं, असं ठरवून ती समिती नेमलेली होती. त्यात माझं काम पाहणीचं. नकाशे काढायचे आणि एका छापील तक्त्यात गुण भरायचे. शंभरपैकी साठ मिळाले की गाव यादीत. वास्तुकलेची पदवी घेऊन मला चार वर्षं झाली होती. लोक मला ‘मंजिरी मॅडम’ म्हणत आणि मला ते आवडे.

धामणवेलला यादीत यायची निकड होती. त्या भागात बंद नळीतून शेतीला पाणी देण्याची योजना मंजूर झाली होती आणि नळीची रेघ नेमकी गावाच्या पाटावरून गेली होती. नळी आली की पाट बुजणार आणि बंधारा नुसता दगड म्हणून उरणार. गाव यादीत आलं तर मात्र रेघ टेकडीमागून वळवू, असं योजनेच्या लोकांनी लेखी दिलं होतं. म्हणजे त्या पाटाचा जीव माझ्या तक्त्यात अडकला होता, आणि हे गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. मी रस्त्यानं चालले तरी लोक माझ्या हातातल्या, तक्ता लावलेल्या फळीकडे बघत.

बंधाऱ्यातून निघालेला पाट गावाच्या चार फडांना पाणी देई. फड म्हणजे मोठाच्या मोठा शेताचा तुकडा. प्रत्येक घराची एक पट्टी या फडात, एक त्या फडात, अशी चारही फडांत जमीन. कोणत्या वर्षी कोणत्या फडाला पाणी द्यायचं आणि त्यात काय पेरायचं, हे पंच ठरवत. पाणी सोडायचं काम मात्र एकट्या पाटकऱ्याचं. शेतकऱ्यानं स्वतः पाटाचं दार उघडायचं नाही की बांध फोडायचा नाही. सुपडू आप्पा पाटकरी होते, त्यांचे वडील आणि आजाही पाटकरीच. खांद्यावर फावडं असल्याशिवाय मी त्यांना पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी आप्पांनी मला चारही फड फिरवून दाखवले. पहिल्या फडात गहू उभा होता, ओंबीत चीक भरत होता. बाकीचे तीन फड उघडे. मातीला भेगा, कडेला बाभळी, दोन गाढवं आणि वारा.

“हे तीन?” मी विचारलं.

“त्यांना आराम.”

मला ते बोलणं गोड वाटलं. वहीत टिपूनही घेतलं, पुढे कुठे लेख लिहिला तर उपयोगी पडेल म्हणून. तक्त्यात मात्र लिहिलं, ‘तीन फड पडीक.’

मुक्काम तान्हा मावशींकडे होता. मावशी एकट्या राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक नंदुरबारला दिलेली. पहिल्या फडाच्या अगदी शेवटाला त्यांची पट्टी होती. पाणी तिथे सगळ्यांत उशिरा पोचायचं, पण पोचायचं. दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून मी बेरीज केली. बंधाऱ्याचं वय, दगडकाम, पाटाची आखणी, सगळीकडे भरघोस गुण. एका रकान्यानं मात्र घात केला. ‘जमिनीचा पारंपरिक वापर अखंड चालू आहे काय?’ त्याला पंचवीस गुण होते. चारातला एक फड चालू, म्हणून मी सहा दिले. एकूण बावन्न.

मी तीन वेळा बेरीज केली. बावन्नाचे साठ होईनात.

“काय झालं बेटा? तोंड का उतरलं?” मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. खरं म्हणजे सांगायला नको होतं, पाहणीतले गुण गावाला कळू द्यायचे नसतात. पण पाच दिवस त्यांच्या हातची भाकरी खाल्ली होती आणि गावावर माझा जीव जडला होता. डोक्यावरचा पदर सारखा करून मावशी तडक सरपंचांना बोलवायला गेल्या.

यशवंत नाना बोरसे सरपंचही होते आणि फडाच्या पंचांत मुख्यही. चाळिशीचा, घाईचा, भला माणूस. ओट्यावर बसायच्या आत त्यांनी विचारलं, “किती कमी पडले?”

“आठ.”

“कशानं मिळतील?”

इथे मी ती चूक केली. मला कोणी भरीला घातलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय होती, आणि त्या दिवशी शेळ्याही निमूट चालायला तयार होत्या.

“गद्रे सर दहा दिवसांनी स्वतः बघायला येणार आहेत,” मी म्हणाले. “शेवटचे गुण तेच देतात. त्या दिवशी निदान दोन फड हिरवे दिसले तर…”

“दोन फड?”

“पेरणी काय, मेथीसुद्धा चालेल. चार-पाच दिवसांत उगवते. जमीन वापरात आहे एवढं दिसलं म्हणजे झालं.”

नानांनी हनुवटी खाजवली. “पण औंदा एक फडाचं ठरलंय, मॅडम. पाणी तेवढंच आहे.”

“तीन दिवस दिलं तर? फक्त तीन दिवस.”

नाना मावशींकडे बघत राहिले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. तीन दिवस पाणी दुसऱ्या फडाला गेलं तर पहिल्या फडातल्या शेवटच्या पट्ट्यांची पाण्याची अखेरची पाळी चुकणार होती. म्हणजे सगळ्यांत आधी मावशींची.

मावशींनी तोडून टाकलं. “पाट राहिना ते गहू पुढला साल बी व्हई,” त्या म्हणाल्या. पाट राहिला तर गहू काय, पुढच्या वर्षीही होईल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू शिकेल शे बेटा. तू सांगशी ते बरोबरच ऱ्हाई.” शिकलेली आहेस, सांगशील ते बरोबरच असेल.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर पंच बसले. अर्ध्या तासात ठराव झाला. लोक उत्साहात होते. परीक्षेत काय विचारणार ते आधीच कळल्यासारखा तो उत्साह होता, आणि मीही त्यात सामील होते. दाराचं काम ज्याच्या हातात, तो माणूस तेवढा कोपऱ्यात उभा होता.

“आप्पा, उद्यापासून दुसऱ्या फडाला सोड,” नाना म्हणाले. “तीन दिवस.”

आप्पांनी शांतपणे विचारलं, “हाई पंच म्हणीसन सांगी राहिना का नाना म्हणीसन?”

“पंच म्हणून सांगतोय.”

आप्पांनी आधी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी मान डोलावली, धीर द्यायला म्हणून. त्यांनी फावडं खांद्यावर घेतलं आणि ते चालू लागले.

तीन दिवस पाणी दुसऱ्या फडात खेळलं. बायकांनी मुठी भरभरून मेथी फेकली. आठव्या दिवशी त्या भेगाळलेल्या जमिनीवर हिरवी लव आली तेव्हा मी मुद्दाम पहाटे उठून फोटो काढले. पलीकडे पहिल्या फडाच्या टोकाला गव्हाची पानं पिवळी पडायला लागली होती. त्याचा फोटो काढला नाही.

गद्रे सर ठरल्या दिवशी सकाळी दहाला आले. सत्तरीचे, सडपातळ, डोक्यावर कापडी टोपी. हयात पाटबंधाऱ्यांच्या कामात घालवलेली आणि निवृत्तीनंतर या समितीवर आलेले. फार कमी बोलत. गावानं फेटा बांधायला आणला होता, तो त्यांनी हातातच घेतला आणि म्हणाले, “आधी पाट बघू.”

बंधाऱ्यावर ते आप्पांशी बराच वेळ बोलले. पायऱ्या मोजल्या. मला जो प्रश्न सुचला नव्हता तो त्यांनी विचारला. “पाच उघड्या म्हणजे किती फडांचं वर्ष?”

“एका,” आप्पा म्हणाले.

“बरं.”

आम्ही पाटाच्या कडेनं खाली आलो. नाना पुढे, मी सरांच्या बाजूला, मागे तान्हा मावशी आणि गावातले वीस-पंचवीस लोक. पहिला फड पार करून सर दुसऱ्याच्या बांधावर चढले आणि थांबले. समोर मेथी होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शाबासकीची वाट बघत होते म्हटलं तरी चालेल.

सर खाली बसले. चिमटीत माती घेतली, चुरडली, सोडली.

“एका फडाचं वर्ष आहे ना?” त्यांनी नानांना विचारलं.

“हो साहेब.”

“मग इथे पाणी कसं आलं?”

नाना माझ्याकडे बघणार, असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

“मी चाळीस वर्षं कालवे बांधले,” सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट दमल्यासारखा होता. “कालवे काय, पैसा असला की कुणीही बांधतं. मी इथं आलो ते तीन कोरडे फड बघायला. पाणी कमी आलं की सगळं गाव एका फडात येतं, आणि प्रत्येकाची पट्टी त्यात असल्यामुळे कोणीच उपाशी राहत नाही. जमिनीचा इतका शहाणा वापर मी दुसरीकडे पाहिला नाही. आमच्या तक्त्यात ‘वापर’ म्हणतात तो हा. आज ते तीन फड कोरडे असते तर मी पंचवीसपैकी पंचवीस दिले असते.”

तीन फड पडीक नव्हते. तो रकाना मी उलटा वाचला होता. ज्या गोष्टीसाठी गाव पैकीच्या पैकी गुणांनी पास होणार होतं, तीच मी त्यांच्या हातून मोडवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल गावाचा होता.

“पंचांनीच नियम मोडला असेल,” सर उठत म्हणाले, “तर मग हे फड राहिले नाहीत. साधा कालवा झाला. आणि साधा कालवा वाचवायला माझ्याकडे काही कारण नाही. पंचांनी दिलं का हे पाणी?”

मागे कोणाची तरी म्हैस रेकली. आता मी बोलायला हवं होतं. ‘सर, मी सांगितलं,’ एवढे तीन शब्द. ते तोंडात तयारही होते.

“पंचांनी नाही दिलं,” आप्पा म्हणाले. “मी दिलं.”

सगळे वळले. आप्पा फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते.

“तुम्ही?”

“पाळी चालू होती. बसल्या जागी माझा डोळा लागला. दुसऱ्या फडाचं दार उघडं राहिलं.”

“तीन दिवस?”

“जाग आली तवर ओल बसली होती. मग लोक म्हणाले, ओल वाया कशाला घालवायची. त्यांनी मेथी टाकली.”

आप्पांचा डोळा लागला यावर धामणवेलमधल्या गाढवानंही विश्वास ठेवला नसता. सर त्यांच्याकडे बघत राहिले, मग नानांकडे, मग माझ्याकडे.

“मंजिरी, तू पाहणी केलीस तेव्हा किती फड ओले होते?”

“एकच, सर,” मी म्हणाले. “माझ्या नोंदीत तसंच आहे.”

ते खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. आयुष्यात मी इतकं खोटं कधी बोलले नाही.

सरांनी नानांना विचारलं, “पाटकऱ्यानं पाणी घालवलं तर तुमच्याकडे रीत काय?”

नाना ओठ आवळून जमिनीकडे बघत राहिले.

“सांग ना नाना,” आप्पा म्हणाले. “रीत शे ना आपली. सांग.”

“पंच फावडं काढून घेतात,” नाना कसंबसं म्हणाले. “पुन्हा त्या घरात पाटकरीपण जात नाही.”

“घे मग.”

आप्पांनी फावडं पुढे केलं. नानांनी ते लगेच घेतलं नाही. क्षणभर वाटलं, हा माणूस आता सगळं खरं सांगून टाकणार. पण मागून तान्हा मावशी म्हणाल्या, “घे नाना.” मग नानांनी घेतलं. ते कसं धरावं हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. जड असतं ते.

आप्पांनी रिकाम्या खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि ते बांधावरून घराकडे चालू लागले. गावातलं कोणी त्यांच्या मागे गेलं नाही. मीही गेले नाही.

परतताना जीपमध्ये, साक्री मागे पडल्यावर, सर म्हणाले, “त्या वयात माणसाला झोप येत नाही, मंजिरी. मला येत नाही.”

मी बाहेर बघत होते.

“पण नियम मोडला आणि मोडणाऱ्याला गावानं माझ्यासमोर काढलं. म्हणजे नियम जिवंत आहे. मी पंचवीस देतोय. तुला काही सांगायचंय?”

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. अजूनही मला त्या रस्त्यावरचा तो दगड आठवतो, जिथे जीप हळू झाली होती.

“नाही, सर,” मी म्हणाले.

धामणवेलला एकाहत्तर गुण मिळाले. नळीची रेघ टेकडीमागून गेली. मार्चमध्ये यादीचं पत्र घेऊन मी गावात गेले तेव्हा लोकांनी हलगी वाजवली, नानांनी मला नारळ दिला आणि भाषणात ‘मॅडममुळे’ असं चार वेळा म्हणाले. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

तान्हा मावशींचा गहू चिमला होता. दाणा असा निघाला की कोंबडीनंही नाक मुरडावं. पण त्यांच्या ओट्यावर सुपं आणि टोपल्या मांडलेल्या दिसल्या, प्रत्येकीत वेगळ्या घरचा गहू. फडातलं नुकसान एकाचं नसतं, मावशी म्हणाल्या, आणि माझ्यासाठी त्यातल्याच गव्हाची पोळी लाटायला बसल्या. ती मी कशी खाल्ली ते माझं मला माहीत.

मग आप्पांकडे गेले. ते अंगणात बसून बाजेला सुतळी विणत होते. पाटावर आता नानांचा चुलत भाऊ जात होता. दुरून फावड्याचा आवाज येई, तसे आप्पा कान देत आणि पुन्हा सुतळी ओढत.

“बसा ताई,” ते म्हणाले. “पत्र आलं म्हणे.”

“आलं.” मी घरून पाठ करून आणलेलं बोलून टाकलं. “आप्पा, मी गद्रे सरांना खरं काय ते सांगणार आहे. तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती, तुम्ही ती अंगावर घेतली. माझ्यासाठी, गावासाठी. मला हे सहन होत नाही.”

आप्पांनी सुतळी खाली ठेवली.

“कोन म्हणालं तुमच्यासाठी घेतली?”

“म्हणजे?” मी विचारलं.

“डोळा लागला म्हणालो ते खोटं. बाकी काय खोटं होतं? दार कोनी उघडलं? मीच ना?”

“पण पंचांनी सांगितलं म्हणून.”

“एका फडाच्या वर्षी पंचांचा हुकूम पाटकऱ्यावर चालत नाही, ताई. पंच असो, सरपंच असो, कलेक्टर असो. पाणी कमी असलं की माणसाची मती फिरते, हे आमच्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. सगळ्यांची फिरते. म्हणून एकजण असा ठेवायचा की जो नाही म्हणेल. त्यासाठीच पाटकरी. दार काय, कुणीही उघडतं.” ते थोडं थांबले. “माझ्या आज्यानं पंचांना नाही म्हटलं होतं. त्याला बांधून घातलं दोन दिवस. त्यानं दार उघडलं नाही.”

“मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?”

“म्हणायचं होतं. पारावर उभा होतो तवा तोंडात आलं होतं. मग तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मान डोलावली. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळत असंल.” ते हसले. त्यात टोमणा नव्हता, स्वतःचीच गंमत वाटल्यासारखं हसू होतं. “तिथंच माझं पाटकरीपण गेलं. नानानं फावडं घेतलं ते मागून.”

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. आप्पांनी ‘रडू नका’ म्हटलं नाही, की ‘तुमची काय चूक’ असंही म्हटलं नाही. घरातून तांब्या आणून समोर ठेवला आणि मी पाणी पिईपर्यंत ते थांबले.

“साहेबाला सांगू नका,” मग म्हणाले. “सांगाल तर पाट जाईल. चूक माझी होती, तिची शिक्षा मी घेतली. झालं. आता मला झोप लागते.”

मी उठले. चपला घालत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, अगदी सहज, दुसऱ्या गावची रीत विचारावी तसं. “तुमच्यात चुकलं तर कोन काढून घेतं, ताई?”

मी विचार केला. खरंच केला. “आमच्यात तसं कोणी नसतं, आप्पा,” मी म्हणाले.

“कोनीच नाही?”

“नाही.”

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी उत्तर शोधून काढलं असतं. पण त्या म्हाताऱ्याला माझी मनापासून कीव आली होती.

“मग तुमचं अवघड शे,” ते म्हणाले.

बारा वर्षं झाली. गद्रे सर आता नाहीत. मी अजून त्याच समितीत आहे, आणि शेवटचे गुण आता मी देते.